रूपांतरित बसगाडीची दारे : कुलूप आणि सुटका

(फिरत्या सेवा-वाहनांवरील चालक, परिचर व कार्यशाळांतील फिटर यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



प्रवासी वाहतुकीतून निवृत्त झाली म्हणजे बसगाडीचे आयुष्य संपते असे नाही. आसने काढून टाकली, आतून फळ्या-कपाटे बसविली, विजेची सोय केली, की त्याच सांगाड्यातून कधी फिरते ग्रंथालय उभे राहते, कधी दवाखाना, कधी विज्ञान-प्रदर्शन, तर कधी राहण्याची खोली. वाचकाकडे ग्रंथ घेऊन जाण्याची कल्पना या देशात नवी नाही. तमिळनाडूतील मन्नारगुडी येथे १९३१ साली बैलगाडीवर फिरते ग्रंथालय निघाले होते. पुढे बैलगाडीची जागा मोटारगाडीने घेतली. अलीकडच्या काळात पुणे शहरात २०१६ साली जुन्या बसगाड्यांतून स्त्रियांसाठी स्वच्छतागृहे तयार करण्यात आली. २०२० साली बंगळूर येथेही तसाच उपक्रम झाला, आणि त्याच वर्षी केरळातील मुन्नार येथे राज्य परिवहनाच्या जुन्या गाड्यांत पर्यटकांच्या रात्रीच्या मुक्कामाची व्यवस्था झाली.

अशा गाडीचे रूपांतर होताना रंग, आसनव्यवस्था, वीज, पाणी या सर्व गोष्टींचा बारकाईने विचार होतो. दाराचा विचार मात्र बहुधा शेवटी होतो, आणि तोही बाजारातून एक मोठे कुलूप आणून कडी-कोयंड्याला लावण्यापुरताच. हा विचार किती अपुरा आहे आणि प्रसंगी तो किती घातक ठरू शकतो, हे समजून घेणे हाच आजच्या विषयाचा हेतू आहे.

बसच्या दाराचा मूळ स्वभाव

घराचे दार आणि बसचे दार यांत मूलतः फरक आहे. घराचे दार माणूस बाहेर गेल्यावर घर राखते. बसचे दार चालत्या गाडीतून प्रवासी बाहेर पडू नये आणि थांब्यावर त्याला चटकन चढता-उतरता यावे, एवढ्यासाठीच केलेले असते. दिवसा गाडीबरोबर चालक-वाहक असतात; रात्री ती आगारात उभी राहते आणि तेथे पहारा असतो. त्यामुळे गाडी एकटी राहील अशी कल्पनाच बांधणाऱ्याने केलेली नसते. दाराचा खटका साधा असतो, पत्रा एक-दीड मिलिमीटर जाडीचा असतो, आणि बिजागऱ्या पुष्कळदा बाहेरच्या बाजूस उघड्या दिसतात.

हवेच्या दाबावर चालणाऱ्या घडीच्या दारांची गोष्ट याहून वेगळी आहे. चालू गाडीत अशी दारे घट्ट मिटलेली असतात, म्हणून ती मजबूत वाटतात. परंतु त्यांना धरून ठेवणारी शक्ती म्हणजे नळ्यांत कोंडलेली हवा. इंजिन बंद होऊन काही तास लोटले की ही हवा हळूहळू निसटते आणि सकाळपर्यंत तेच दार हाताने लोटता येते. म्हणजे हवेवर चालणारी यंत्रणा ही दार मिटण्याची सोय आहे. ते कुलूप नव्हे. गाडी दिवसदिवस एका जागी उभी राहणार असेल, तर या दाराला स्वतंत्र बोल्टाची जोड देणे आवश्यक ठरते.

रूपांतरानंतर गाडीची परिस्थिती पालटते. ती आता गावाच्या चावडीजवळ, शाळेच्या आवारात, देवळासमोरच्या मोकळ्या जागेत रात्र काढते. तिच्यात औषधे असतात, शीतकपाट असते, पुस्तके असतात, संगणक असतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कधी कधी तिच्यात माणूस झोपलेला असतो. या शेवटच्या गोष्टीचा विसर पडला, की कुलपाचा सगळा विचार उलटा होतो.

पहिला नियम

समजा, एक फिरता दवाखाना सत्तरी किंवा काणकोणसारख्या तालुक्यातील एखाद्या वाड्यावर मुक्कामास थांबला आहे. पाऊस लागला आहे. परिचर गाडीत झोपतो आणि चालक गावात ओळखीच्या घरी. औषधांची काळजी म्हणून चालक जाताना बाहेरून कडी घालून कुलूप लावतो आणि किल्ली खिशात टाकतो. दोघांचाही हेतू चांगला आहे. औषधेही सुरक्षित आहेत. परंतु मध्यरात्री शीतकपाटाच्या तारेने पेट घेतला, तर आतल्या माणसाची किल्ली दुसऱ्या घरात, दुसऱ्याच्या खिशात आहे. धुराने कोंदलेल्या बंद गाडीत माणसाच्या हाती फार थोडा वेळ उरतो. तेवढ्यात कोणी धावत जाऊन चालकाला उठवील आणि किल्ली आणील, ही आशा व्यर्थ आहे.

यास्तव रूपांतरित गाडीच्या दारासंबंधीचा पहिला नियम असा : कुलूप बाहेरच्याला अडवील, पण आतल्याला कधीही अडविणार नाही. आत माणूस असताना बाहेरून लावलेले कुलूप कितीही मजबूत असले, तरी ते सुरक्षिततेचे साधन नसून संकटाचे कारण होय. प्रत्येक दार आतून किल्लीशिवाय, अंधारात, एका हाताने उघडता आले पाहिजे. चोरीपासून संरक्षण हा यानंतरचा विचार आहे.

हा नियम पुस्तकी नाही. ३० ऑक्टोबर २०१३ रोजी पहाटे बंगळूरहून हैदराबादकडे जाणारी एक खाजगी बसगाडी मेहबूबनगर भागातील पालेमजवळ पेटली आणि ४५ माणसे दगावली; बहुतेक प्रवासी झोपेत होते. १ जुलै २०२३ रोजी बुलढाणा जिल्ह्यात समृद्धी महामार्गावर बसगाडी दाराच्याच बाजूवर उलटून पेटली आणि २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी राजस्थानात जैसलमेरजवळ एका बसगाडीला आग लागून वीसहून अधिक माणसांनी प्राण गमावले. त्या गाडीत नंतर फेरबदल करून वातानुकूलन बसविले होते आणि आग लागल्यावर तिचे दार उघडले नाही, असे त्या वेळच्या वृत्तांतून पुढे आले. या तिन्ही घटनांची कारणे निरनिराळी आहेत. त्यांतील समान धागा एवढाच की, बाहेर पडण्याची वाट ऐनवेळी हाती लागली नाही. या गाड्या प्रवासी वाहतुकीतील होत्या हे खरे. परंतु ज्या गाडीत कपाटे, पडदे, गाद्या, वायरी आणि गॅसची शेगडी यांची भर पडते, तिच्याबाबतीत हा धोका वाढतोच.

चोर काय पाहतो?

चोरापासून रक्षण करावयाचे, तर चोराच्या नजरेने गाडी पाहिली पाहिजे. कुलपाच्या यंत्रणेशी खटपट करून ते उघडणारा चोर क्वचित आढळतो. बहुतेक चोर कुलपाला हातही लावीत नाहीत. ते कोयंडा पहारीने उचकटतात, बिजागरीची खीळ उपसतात, खिडकीची सरकती काच खोबणीतून उचलतात, किंवा मागच्या शिडीने टपावर चढून झडप उघडतात. गाडीच्या आत न शिरताही चोरी होते. बॅटरी, डिझेल आणि जादा चाक या तीन वस्तूंना बाहेरच्या बाहेर गिऱ्हाईक मिळते. फिरत्या ग्रंथालयातून पुस्तके जाण्याची भीती थोडी; बॅटरी जाण्याची भीती मोठी. आणि बॅटरी गेली की दुसऱ्या दिवशी कोणत्याच गावाला पुस्तके पोहोचत नाहीत.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. कुलपावर अधिक पैसे खर्च करण्यापूर्वी ते ज्या पत्र्याला व ज्या चौकटीला बसवावयाचे, ती किती भक्कम आहे हे पाहिले पाहिजे. दाराची ताकद त्याच्या सर्वांत कच्च्या भागाइतकीच असते. दीड मिलिमीटरच्या पत्र्यात आटे घातलेल्या चार स्क्रूंवर उत्तमातले उत्तम कुलूप बसविले, तरी एका हिसक्यासरशी ते स्क्रूंसकट हातात येते.

दारांची तपासणी

आता एकेका दाराचा विचार करू.

प्रवाशांचे मुख्य दार एकपाखी व बाहेर उघडणारे असेल, तर ते शक्यतो तसेच ठेवावे. आत उघडणाऱ्या दारावर घाबरलेल्या माणसांची गर्दी झाली, की ती गर्दीच दार दाबून धरते. या दाराला आतून बसणारे रिम लॉक, म्हणजेच आपल्याकडे ज्याला नाइट लॅच म्हणतात ते कुलूप सर्वांत सोयीचे. बाहेर किल्लीचे भोक आणि आत फिरवावयाची मूठ अशी त्याची रचना असते. मात्र खरेदीच्या वेळी दोन गोष्टी पारखून घ्याव्यात. पहिली अशी की, नुसता तिरक्या तोंडाचा, स्प्रिंगवर चालणारा खटका असेल, तर फटीतून पातळ पट्टी घालून तो मागे सारता येतो. म्हणून किल्ली फिरविल्यावर जो बोल्ट पुढे जाऊन तेथेच पक्का बसतो, तसा बोल्ट असलेले कुलूप घ्यावे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. यांतील काही कुलपांत बाहेरून किल्ली दोनदा फिरविली की आतली मूठही निकामी होते. रिकाम्या घराला हा गुण ठरेल. माणूस झोपणाऱ्या गाडीला तो दोष आहे. कुलूप बसविण्यापूर्वी एका माणसाने आत उभे राहावे, दुसऱ्याने बाहेरून किल्ली शक्य तितकी फिरवावी, आणि तरीही आतली मूठ फिरते की नाही हे पाहावे. न फिरल्यास ते कुलूप दुकानदाराला परत करावे.

घडीच्या दाराबाबत दोन मार्ग आहेत. हवेची यंत्रणा काढून टाकावयाची असेल, तर त्या जागी बिजागरीचे साधे दार बसविणे उत्तम. यंत्रणा ठेवावयाची असेल, तर दोन्ही पाखे वर व खाली आतून बोल्टने धरावेत, आणि हवा सोडून देणारी संकटकाळची चावी झाकली जाणार नाही याची खबरदारी घ्यावी. कपाट बसविताना ही छोटी लाल चावी फळीमागे दडपली जाण्याचा संभव असतो. विजेच्या सोलेनॉइडवर चालणारे मध्यवर्ती कुलूप बसविण्याचा मोह टाळावा. ते ठेवावयाचेच झाले, तर वीज गेल्यावर किंवा तार जळल्यावरही हाताने ओढून उघडणारी तारेची कडी त्याला असलीच पाहिजे.

चालकाच्या बाजूचे दार हे अनेकदा विसरलेले दार असते. मुख्य दाराला दोन कुलपे आणि चालकाच्या दाराला मूळचा झिजलेला खटका, अशी विषम स्थिती पुष्कळ ठिकाणी दिसते. चोर अर्थातच चालकाच्या दाराने येतो. दोन्ही दारांना एकाच दर्जाचे आणि शक्य असल्यास एकाच किल्लीचे कुलूप असावे.

तिसरे दार म्हणजे संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग. सामान ठेवावयास जागा अपुरी पडली, की पहिले कपाट नेमके या दारापुढे उभे राहते. काही गाड्यांत तर चोरीच्या भीतीने ते वेल्डिंग करून बंदच करतात. हे दार बंद करण्याचा अधिकार फिटरला नाही, चालकाला नाही आणि कार्यालय-प्रमुखालाही नाही, असे प्रत्येकाने मनाशी पक्के धरावे. बाहेरून त्याची मूठ काढता येईल, बाहेरचा पत्रा सपाट करता येईल. आतला दांडा मात्र मोकळा, रंगविलेला आणि हाताला सहज लागणारा असावा. दारासमोर माणूस सरळ चालत जाऊ शकेल एवढी वाट रिकामी ठेवावी.

खिडक्यांच्या बाबतीत दोन गरजा एकमेकींच्या विरुद्ध जातात. जाळी बसविली तर चोर अडतो, पण आतला माणूसही अडतो. यावर उपाय असा की, प्रत्येक बाजूची निदान एक खिडकी बिजागरीच्या जाळीची करावी. जाळी बाहेर उघडावी, आणि तिचा खटका आतून किल्लीशिवाय सुटावा. काच फोडण्याची हातोडी गाडीत ठेवावी. परंतु कोणती काच फुटते हेही ठाऊक असावे. बाजूच्या खिडक्यांची कडक केलेली काच टोकदार घावाने चुरा होऊन पडते. पुढची मोठी काच थरांची असते. ती तडकते, पण जागची हलत नाही. तिच्यावर घाव घालण्यात वेळ दवडू नये. टपावरची झडप ही हवेची सोय तर आहेच, पण गाडी कुशीवर उलटली असता तीच जमिनीलगतची वाट होते. तिलाही आतून सुटणारा खटका हवा, बाहेरचे कुलूप नको.

येथे एक रास्त शंका निघेल. आतून किल्लीशिवाय मूठ फिरत असेल, तर चोर जवळची काच फोडून आत हात घालील आणि मूठ फिरवील. शंका खरी आहे. परंतु तिचे उत्तर आतूनही किल्ली लावणे हे नव्हे. उत्तर अंतरात आहे. मूठ अशा जागी बसवावी की जवळच्या काचेतून हात घातला तरी ती बोटांना लागू नये. तशी जागा नसेल, तर मुठीजवळच्या तेवढ्याच काचेवर आतून घट्ट जाळी बसवावी, किंवा काचेऐवजी पत्रा लावावा.

बसविण्याची रीत

घराची चौकट स्थिर असते. गाडीची चौकट चालते. खड्ड्यातून जाताना सांगाडा किंचित पिळवटतो, आणि त्याबरोबर दाराची चौकटही. म्हणून घराच्या दाराप्रमाणे तंतोतंत बसविलेला बोल्ट गाडीत एक तर अडकून बसतो किंवा आपल्या खाचेला लागतच नाही. बोल्ट ज्या खाचेत जातो ती थोडी लांबट करावी. दार मिटलेले असताना खडखडू नये म्हणून सर्व बाजूंनी रबराची पट्टी लावावी. मात्र पट्टी इतकी जाडही नसावी की मूठ फिरविण्यासाठी दार खांद्याने दाबावे लागेल. आजारी माणसाला किंवा मुलाला तेवढा जोर करता येत नाही.

कुलूप पत्र्याला नव्हे, तर सांगाड्याच्या पोलादी नळीला आधार घेईल अशा रीतीने बसवावे. तसे शक्य नसल्यास पत्र्याच्या आतून तीन मिलिमीटर जाडीची पोलादी पट्टी लावावी आणि आरपार बोल्ट घालावे. बोल्ट बाहेरून गोल, गुळगुळीत डोक्याचे व चौकोनी मानेचे असावेत, म्हणजे त्यांवर पाना चालत नाही. नट आतल्या बाजूस यावेत आणि ते नायलॉनचे कडे असलेले असावेत, कारण साधे नट गाडीच्या थरथराटाने महिन्या-दोन महिन्यांत ढिले होतात. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर पोलादी पट्टी थेट टेकवू नये. दोन निराळे धातू खाऱ्या ओलाव्यात एकमेकांस चिकटून राहिले, की अ‍ॅल्युमिनियम झपाट्याने खाल्ला जातो. म्हणून मध्ये रबराचा पातळ तुकडा घालावा.

बाहेर दिसणाऱ्या बिजागरीची खीळ दोन्ही टोकांस ठोकून किंवा वेल्डिंगचा एक टिपका देऊन पक्की करावी. याशिवाय बिजागरीच्या बाजूस दाराच्या कडेवर दोन पोलादी खुंट्या बसवून चौकटीत त्यांना भोके ठेवावीत. दार मिटले की खुंट्या आत जातात. मग बिजागरी उपटली तरी दार निघत नाही. हा उपाय सर्वांत स्वस्त आहे आणि सर्वांत दुर्लक्षितही.

कडी-कोयंडा व लोंबते कुलूप यांचा उपयोग सामानाचे कप्पे, बॅटरीची पेटी, डिझेलच्या टाकीचे झाकण यांसाठी जरूर करावा, कारण तेथे माणूस नसतो. परंतु कोयंडा मिटल्यावर त्याचे बोल्ट झाकले गेले पाहिजेत, आणि कुलपाची कमान जेवढी आखूड तेवढी चांगली. कमानीत पहार शिरावयास जागा राहू नये. माणसांच्या दाराला लोंबते कुलूप लावावयाचे असेल, तर ते फक्त गाडी पूर्ण रिकामी असल्याची खात्री करून, आणि प्रत्येक आसनापर्यंत चालत जाऊन पाहिल्यानंतरच लावावे.

पावसाळा आणि गंज

कोकणपट्टीतील गाडीला एक वेगळाच चोर भेटतो, तो म्हणजे गंज. गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. समुद्राकाठची हवा बारा महिने खारी असते. मे महिन्यात लोण्यासारखे फिरणारे कुलूप ऑगस्टमध्ये किल्ली गिळून बसते. पितळी अंगाचे व पितळी आतल्या भागांचे कुलूप अशा हवेत अधिक टिकते. किल्लीच्या भोकात घरातले खोबरेल तेल किंवा इंजिनचे जुने तेल कदापि घालू नये. त्यावर धूळ बसून आतल्या पिना चिकटतात. ग्रॅफाइटची कोरडी भुकटी पिनांच्या कुलपाला योग्य; बोल्ट व बिजागऱ्या यांना मात्र ग्रीस चालते. बाहेरच्या भोकावर रबराचे किंवा पत्र्याचे लहान झाकण बसविले, तर चिखल व पाणी आत जात नाही.

गंजाचा विचार चोरीपुरता नाही. संकटकाळच्या दाराचा दांडा वर्षभर कोणी हलवीत नाही. तो गंजून घट्ट झाला आहे हे ज्या दिवशी कळते, तो दिवस बहुधा कळण्याचा नसतो. म्हणून हे दार दर महिन्याला एकदा पूर्ण उघडून मिटावे आणि त्याची नोंद लॉगबुकात करावी.

किल्लीचा हिशेब

उत्तम कुलूप आणि बेहिशेबी किल्ली यांचा काही उपयोग नाही. जुन्या गाडीचे मूळचे कुलूप तसेच ठेवले, तर तिच्या सेवाकाळात किती किल्ल्या किती हातांत गेल्या हे कोणालाच सांगता येणार नाही. डिकीची आणि तपासणीची झाकणे तर पुष्कळदा साध्या चौकोनी चावीने उघडतात. तेव्हा रूपांतराच्या वेळी सर्व कुलपे नवी घ्यावीत, अथवा निदान त्यांचे किल्लीचे गाभे बदलावेत.

किल्ल्या तीनच असाव्यात : एक चालकाकडे, एक परिचराकडे आणि एक कार्यालयात मोहोरबंद लिफाफ्यात. किल्लीवर गाडीचा क्रमांक लिहू नये. हरवलेली किल्ली सापडणाऱ्याला पत्ता सांगते. किल्ली दिली-घेतली की नोंदवहीत दिनांक व सही व्हावी. कर्मचारी बदलून गेला आणि त्याची किल्ली परत आली नाही, तर गाभा बदलावा. यात कर्मचाऱ्याविषयी अविश्वास नाही. उलट चोरी झाल्यास निरपराध माणसावर संशय येऊ नये, यासाठीच ही नोंद आहे.

धोक्याची घंटा बसविणे इष्ट आहे. दाराच्या कडेला चुंबक व चौकटीवर लहानसा स्विच, एवढ्या साध्या साधनाने ती वाजते. मात्र तिला गाडीच्या मुख्य बॅटरीवर न ठेवता निराळी लहान बॅटरी द्यावी. नाहीतर चोराने प्रथम मुख्य बॅटरीची तार काढली की घंटाही गप्प बसते. आणि घंटेपेक्षाही स्वस्त व प्रभावी अशी एक व्यवस्था आहे. गाडी उजेडात, वस्तीलगत उभी करावी, आणि आपण आज येथे आहोत हे ग्रामपंचायतीला किंवा शेजारच्या घराला सांगून ठेवावे. ज्या गावाला गाडी आपली वाटते, तेथे ती सहसा सुखरूप राहते.

कायद्याची बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत होईल असा फेरबदल वाहनात परस्पर करता येत नाही. बसचे ग्रंथालय किंवा दवाखाना करणे हा असा फेरबदल असल्याने नोंदणी प्राधिकाऱ्याची मान्यता घ्यावी लागते. बसच्या बांधणीसंबंधी एआयएस-०५२ ही संहिता आहे; दारे, संकटकालीन मार्ग यांविषयीच्या तरतुदी तीत आहेत. कार्यशाळेने आराखडा करतानाच कुलपे, जाळ्या आणि सुटकेचे मार्ग त्यावर दाखवावेत. गाडी तयार झाल्यावर भोके पाडण्यापेक्षा कागदावर रेघ खोडणे केव्हाही सोपे.

रोजची पाच मिनिटे

एवढे सर्व केल्यावरही माणसाची सवय हेच शेवटचे कुलूप असते. संध्याकाळी गाडी उभी केल्यावर पाच मिनिटांची एक फेरी नित्यनेमाने व्हावी. आत कोणी राहिले नाही ना, की कोणी झोपणार आहे? झोपणार असेल, तर बाहेरून कोणतेही कुलूप लागलेले नाही ना? संकटकाळच्या दारापुढे खोके, सिलिंडर, बादली काही ठेवलेले नाही ना? हातोडी व अग्निशामक जागेवर आहेत ना? बॅटरीची पेटी आणि डिझेलचे झाकण बंद आहे ना? आणि महिन्यातून एकदा सर्व दिवे मालवून, डोळे मिटून, आपल्या बिछान्यापासून दारापर्यंत चालत जावे आणि दार उघडून पाहावे. जे दार डोळे मिटून उघडते, तेच धुरात उघडते.

वाड्याच्या दिंडी दरवाजाला आतून आडवा अडसर घालण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. रात्री तो घालणारा माणूस आत असे आणि पहाटे काढणाराही आतच असे. दार राखण्याचा आणि दार उघडण्याचा अधिकार एकाच हातात ठेवण्याचे ते शहाणपण होते. निवृत्त बसगाडीला दुसरा जन्म देताना तेवढे शहाणपण तिच्याबरोबर जावे. औषधांची पेटी गेली तर ती पुन्हा मिळेल, पुस्तके गेली तर ती पुन्हा घेता येतील. दाराच्या आत अडकलेल्या माणसाच्या बाबतीत मात्र अशी भरपाई नाही. म्हणून प्रत्येक फिटरने कुलूप बसवून झाल्यावर हत्यारे गोळा करण्यापूर्वी स्वतः गाडीत बसावे, साथीदाराला बाहेरून दार बंद करावयास सांगावे, आणि किल्लीवाचून बाहेर यावे. तो बाहेर आला, तरच काम पुरे झाले असे समजावे.